विजेरीचा इतिहास आणि बुलढाणा जिल्ह्यातील रात्र

बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे वक्ता सहसा सिंदखेडराजापासून आरंभ करितो. जिजाऊसाहेबांचे ते जन्मस्थान. तेथून तो लोणारच्या सरोवराकडे वळतो आणि शेवटी खामगावच्या कापूसपेठेशी येऊन थांबतो. हे सारे विषय थोर आहेत यात शंका नाही. आमचा आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. हातात मावणारी, ओटीत किंवा खिशात घालता येणारी एक नळी. तिच्या एका टोकाला भिंग आणि पोटात घट. ग्रंथांत तिला विजेरी म्हणतात, जुनी माणसे चोरबत्ती म्हणत आणि आमच्या खेड्यापाड्यांत तिचे नाव 'बॅटरी'.

एवढ्याशा वस्तूला इतिहास तो काय असणार, असे कोणी म्हणेल. पण या जिल्ह्यातील शेतकरी रात्री शेतात का जातो, तेथे त्याला काय भेटते आणि तो सुखरूप घरी परततो की नाही, या प्रश्नांशी तिचा संबंध आहे. म्हणून आम्ही तिच्याविषयी दोन गोष्टी सांगणार आहोत. पहिली अशी की, विजेरीचा देह कसा असावा हे आजवर बहुतेक वेळा तिच्या घटाने ठरविले, वापरणाराने क्वचितच. दुसरी अशी की, खेड्यांत वीज आल्यावर विजेरीचे काम संपावयास हवे होते, ते उलट वाढले. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे विजेरी कोणती घ्यावी आणि शासनाकडे मागावे काय, या दोहोंचा उलगडा होतो.

विजेरीपूर्वीची रात्र

विजेरीच्या आधी रात्रीचा प्रवास मशालीच्या, पलित्याच्या किंवा टेंभ्याच्या उजेडात होई. घरात तेलाची पणती असे. तिच्यात करडीचे, तिळाचे किंवा जवसाचे तेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि त्याच्यामागून चिमणी व कंदील आले. कंदील परदेशातून येत. पुढे सातारा जिल्ह्यात ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याने 'प्रभाकर' कंदील काढला आणि स्वदेशी कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला.

कंदिलाचा एक गुण आज आपण विसरलो आहोत. कंदील हातात धरला की तो गुडघ्याच्या उंचीवर येतो. त्याचा प्रकाश लांब जात नाही. पण पायाभोवतीची दोनतीन हात जमीन तो चहूबाजूंनी उजळतो. चालणाऱ्या माणसाला मुख्यतः तेवढीच जमीन पाहावयाची असते. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरा एक गुणही सांगण्याजोगा आहे. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी जाणते लोक दोराने पेटता कंदील आत सोडीत. तो विझला तर आत प्राणवायू नाही असे समजून माघार घेत. विजेरीला ही परीक्षा करता येत नाही. घुसमटून टाकणाऱ्या हवेतही ती तशीच लखलखत राहते आणि उतरणारा फसतो.

कंदिलाचे दोषही मोठे होते. वारा-पाऊस त्याला सोसत नसे. आणि त्यात ज्योत असे. हा जिल्हा कापसाचा. १८७० साली जलंब ते खामगाव हा आगगाडीचा फाटा सुरू झाला तो या कापसाकरिताच. खामगाव, मलकापूर, शेगाव येथे सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. कापसाने भरलेल्या कोठीत किंवा कडब्याच्या गंजीजवळ उघडी ज्योत नेणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावयास नको. ज्योत नसलेला दिवा ही कापूसपट्ट्याची फार जुनी गरज होती.

विजेरीचा खरा पूर्वज मात्र आणखी वेगळा आहे. पोलिसांच्या व रखवालदारांच्या हाती एक झाकणीचा कंदील असे. त्याला पुढे जाड भिंग आणि आत सरकणारी झडप. झडप लोटली की अंधार, उघडली की एकाच दिशेला प्रकाशाचा झोत. त्याला चोरकंदील म्हणत. येथे 'चोर' म्हणजे चोरी करणारा नव्हे. चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा या शब्दांत 'चोर'चा जो अर्थ आहे, लपविता येण्याजोगा, तोच येथेही आहे. चोरबत्ती हा शब्द त्याच घराण्यातला. म्हणजे चालणाऱ्याच्या कंदिलापेक्षा पहारेकऱ्याच्या कंदिलाशी विजेरीचे नाते अधिक जवळचे आहे. पहारेकऱ्याला दूरचे पाहावयाचे असते. हा वारसा विजेरीच्या अंगात अद्याप टिकून आहे.

घटाने देह घडविला

१८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने जस्त, कर्ब, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे पाणी यांपासून एक घट बनविला. तो काचेच्या बरणीत ठेवावा लागे. तारायंत्राला आणि घंटेला तो उपयोगी पडला. पण पाण्याची बरणी हातात घेऊन कोणी चालत नाही. १८८६ च्या सुमारास कार्ल गासनर या जर्मन गृहस्थाने नवसागराच्या पाण्याचा लगदा केला आणि जस्ताच्या पत्र्याचेच भांडे बनवून त्यात तो भरला. घट आता आडवा, उलटा, कसाही धरला तरी सांडत नसे. हाच कोरडा घट. विजेरीचा जन्म त्या दिवशी शक्य झाला.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. १८९८ च्या सुमारास नॅशनल कार्बन कंपनीने एक लहान घट काढला. तो सुमारे ६१ मिलिमीटर लांब व ३४ मिलिमीटर जाड होता. त्यालाच पुढे 'डी' हे नाव पडले. आपण ज्याला मोठा सेल म्हणतो तो हाच. १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल या न्यूयॉर्कमधील इंग्रज संशोधकाला विजेरीचे एकस्व मिळाले. त्याचा क्रमांक ६,१७,५९२. मिसेलने कागदाच्या नळीत हे घट एकामागे एक रचले, एका टोकाला बल्ब व पितळी परावर्तक बसविला आणि बाजूला कळ लाविली. कॉनराड ह्यूबर्ट या रशियातून आलेल्या व्यापाऱ्याच्या कंपनीने ती विकावयास घेतली. पहिल्या काही विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना वाटण्यात आल्या. पहारेकऱ्याचा वारसा येथेही दिसतोच.

तेव्हापासून विजेरीचा आकार जो ठरला तो जवळजवळ शंभर वर्षे फारसा हलला नाही. नळी का? घट गोल म्हणून. नळी एवढी जाड का? घट तेवढा जाड म्हणून. लांबी किती? जितके घट तितकी. एका घटाचा दाब दीड व्होल्ट. दोन घटांचे तीन, तीन घटांचे साडेचार, पाच घटांचे साडेसात. प्रकाश अधिक हवा तर घट वाढवा आणि घट वाढले की नळी लांब करा. म्हणूनच आमच्याकडे विजेरीची ओळख तिच्या कारखान्याच्या नावापेक्षा 'दोन सेलची', 'तीन सेलची' अशी दिली जाई. बल्बही त्याच हिशेबाचा. दोन सेलच्या विजेरीला अडीच व्होल्टचा आणि तीन सेलच्या विजेरीला ३.८ व्होल्टचा. काम करताना घटाचा दाब थोडा खाली बसतो, म्हणून बल्बवरचा आकडा घटांच्या बेरजेपेक्षा कमी ठेवीत. दोन सेलचा बल्ब तीन सेलच्या विजेरीत घातला की क्षणभर पांढरा शुभ्र उजेड पडे आणि तार तुटे. किराणा दुकानदार बल्ब देण्यापूर्वी 'किती सेलची?' असे विचारी, ते याकरिता.

देहाच्या धातूलाही कारण आहे. आरंभीची कागदी नळी दमट हवेत टिकेना. तिची जागा पितळेने घेतली. पितळेवर चकचकीत मुलामा. धातूच्या विजेरीत देह हाच तारेचे काम करितो. घटाच्या बुडातून वीज स्प्रिंगेत, स्प्रिंगेतून झाकणात, झाकणातून नळीत आणि नळीतून कळेच्या वाटेने बल्बापर्यंत जाते. म्हणून झाकणाच्या आट्यांवर गंज चढला की विजेरी लागत नाही. झाकण दोनदा फिरवून घट्ट केले की लागते. पितळ महागले तेव्हा अल्युमिनियम आले आणि पुढे प्लास्टिक. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून आत एक पत्र्याची पट्टी घालावी लागली. प्लास्टिकची विजेरी हलकी व स्वस्त खरी. पण ती पट्टी वाकली किंवा गंजली की दुरुस्ती अवघड. पितळी विजेरी आजोबांकडून नातवाकडे येई, ती का, हे यावरून कळेल.

डोक्याकडचा भाग रुंद का, तर परावर्तक मोठा असावा म्हणून. त्याच्या कडेला पैलू का, तर उतारावर ठेवली असता ती गडगडू नये म्हणून. मागच्या झाकणाला कडी का, तर खुंटीला टांगता यावी म्हणून. वापरणाऱ्याच्या सोयीचा विचार झाला तो एवढ्यापुरता.

हिंदुस्थानातील कारखाने

आरंभी विजेऱ्या आणि घट दोन्ही बोटीने येत. १९३४ साली एव्हरेडी कंपनी (इंडिया) ही संस्था नोंदविली गेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कलकत्त्याला घटांचा कारखाना चालू झाला. विजेऱ्यांच्या नळ्या बनविण्याचा मोठा कारखाना १९५८ साली लखनौला निघाला. १९५९ साली या कंपनीचे नाव युनियन कार्बाइड इंडिया असे झाले. मुंबईला एस्ट्रेलाचे घट होत, अलाहाबादला जीपच्या विजेऱ्या होत. १९७० नंतरच्या दशकात नेल्लोरचा निप्पो आणि बडोद्याचा नोव्हिनो हे घट बाजारात आले. आठवड्याच्या बाजारात कापडाच्या व भांड्यांच्या दुकानांशेजारी या साऱ्यांच्या रंगीत घटांची रास लागे.

१९८४ च्या डिसेंबरातील दोन आणि तीन तारखांच्या मधल्या रात्री भोपाळला जी विषारी वायूची दुर्घटना घडली ती याच युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात. खेड्यातल्या माणसाच्या हातातला लाल घट आणि भोपाळचे ते मरण एकाच कंपनीच्या घरचे होते. वस्तू निरुपद्रवी असली म्हणून तिचा कारखानदारही तसाच असतो असे नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा. १९९४ साली त्या कंपनीतील परदेशी हिस्सा विकला गेला आणि पुढे एव्हरेडी हे नाव भारतीय मालकीचे झाले.

वापराचे शास्त्र

आमच्या शेतकऱ्याने कोरड्या घटाचे शास्त्र पुस्तकावाचून शिकून घेतले होते. तो विजेरी सतत पेटती ठेवीत नसे. दहा पावले चालावयाची, कळ दाबावयाची, पुढचे पाहून घ्यावयाचे आणि पुन्हा विझवावयाची. याला कोणी कंजूषपणा म्हणेल. पण तो शास्त्रशुद्ध आहे. जस्त-कर्बाच्या घटातून वीज घेत राहिले की कर्बाच्या कांडीभोवती रासायनिक अडथळा साचतो आणि दाब उतरतो. मँगनीज डायऑक्साइड तो अडथळा दूर करिते, पण सावकाश. घटाला विसावा मिळाला की तो पुन्हा सावरतो. इंग्रजीत विजेरीला 'फ्लॅश'चा दिवा म्हणतात तेही यामुळेच. सुरुवातीचे घट आणि कर्बाच्या तारेचे बल्ब इतके दुबळे होते की क्षणभर चमकविण्यापलीकडे त्यांचा उपयोग नसे. १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार आली तेव्हा कोठे प्रकाश स्थिर झाला.

उतरलेले सेल उन्हात ठेवण्याची चाल सर्वत्र होती. उष्णतेने रासायनिक क्रिया थोडी जलद होते आणि सेल एकदोन रात्री आणखी निभावतो. पण त्याच उन्हाने आतला लगदा सुकतो. मलकापूर-शेगावकडच्या पूर्णाकाठच्या उन्हाळ्यात तर नवा सेलही नुसता पडून उतरतो. काही जण विजेरी ठेवून देताना एक सेल उलटा घालीत, म्हणजे चुकून कळ दबली तरी वीज वाहू नये. ही युक्ती उत्तम होती. जे असे करीत नसत त्यांच्या विजेरीत जस्ताचे भांडे खाऊन लगदा बाहेर येई, सेल फुगे आणि नळीतच अडके. मग काठीने ठोकून तो काढावा लागे.

विजेरीतून बाद झालेला सेल वाया जात नसे. ट्रान्झिस्टर रेडिओला वीज कमी लागते, म्हणून विजेरीत मंद पडलेले सेल रेडिओत चालत. तेथूनही ते निवृत्त झाले की शाळेची मुले ते फोडीत आणि आतल्या काळ्या भुकटीने वर्गाचा फळा काळा करीत. असे हे घटाचे तीन जन्म होते. एवढ्या काटकसरीच्या वस्तूचा रोजचा वापर जर वाढला असेल, तर त्याला तसेच सबळ कारण असले पाहिजे.

वीज आली आणि रात्रीचे काम वाढले

ते कारण सांगण्यासाठी मोटेपासून आरंभ करावा लागेल. आमच्याकडे विहिरीचे ओलीत मोटेवर होई. पहाटे मोट जुंपावयाची आणि ऊन चढले की बैल सोडावयाचे. बैलाला विश्रांती हवी, म्हणून रात्रीचे ओलीत सहसा नसे. बैल थकत असे, त्यामुळे माणसालाही झोप मिळे. रात्री शेतात जाणे होई ते जागलीसाठी, म्हणजे उभ्या पिकाची राखण करण्यासाठी.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. जिल्ह्याच्या सरहद्दीला लागून असलेले पारसचे औष्णिक वीजकेंद्र १९६१ साली सुरू झाले. त्यानंतरच्या दोनतीन दशकांत विहिरींवर विजेचे पंप बसले आणि मोट नाहीशी झाली. या बदलाने वऱ्हाडच्या शेतीला केवढे बळ दिले हे आम्ही नाकारीत नाही. गहू, हरभरा आणि संत्री ही पिके त्यावाचून वाढली नसती. पण यंत्र बैलासारखे थकत नाही. विजेची मागणी दिवसा व संध्याकाळी अधिक आणि मध्यरात्री कमी असते. तेव्हा पंपांची वीज रात्रीकडे लोटणे वीज पुरविणाऱ्यांना सोयीचे वाटले. पुढे तुटवडा वाढला, भारनियमन आले आणि पाळ्या ठरल्या. आठवड्यातले काही दिवस दिवसा वीज आणि काही दिवस रात्री.

रात्रीची पाळी म्हणजे काय हे शहरातील श्रोत्यांना सांगितले पाहिजे. पौषाची थंडी, रात्रीचे बारा-एक वाजलेले. वीज आली की पंप चालू करावयाचा. पंप आपोआप चालू होईल अशी सोय पुष्कळांनी केली आहे, पण पाणी आपोआप वळत नाही. एक वाफा भरला की फावड्याने पाट फोडून दुसऱ्याला पाणी द्यावयाचे. तुषारसंच असेल तर त्याचे नळ उचलून पुढच्या पट्ट्यात मांडावयाचे. पायाखाली चिखल, बांधावर गवत आणि उंदरांच्या बिळांत पाणी शिरल्याने बाहेर पडलेले जीवजंतू. चिखलीकडचा माळ असो की मेहकरकडची काळी जमीन, हे चित्र सर्वत्र एकच आहे.

आता पाहा, हे काम दोन हातांचे आहे. फावडे दोन हातांनी मारावे लागते, नळ दोन हातांनी उचलावा लागतो. विजेरीला तिसरा हात पाहिजे. मग ती काखेत धरावयाची, दातांत धरावयाची किंवा बांधावर ठेवावयाची. बांधावर ठेवलेली विजेरी दूरचे झाड उजळते आणि पाय अंधारातच राहतात. पहारेकऱ्यासाठी घडलेला देह शेतकऱ्याच्या कामाला कसा अपुरा पडतो, हे येथे स्पष्ट दिसते.

अंधारातल्या पायाला भय कोणाचे? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिला आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. यांतले बहुसंख्य खेड्यांतले, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

सर्पाखेरीज रानडुक्कर आणि रोही तर रोजचेच. बुलढाणा व खामगाव यांच्यामध्ये ज्ञानगंगेचे अभयारण्य आहे. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा आहे. अस्वल आणि बिबळ्या या दोन्ही बाजूंस आहेत. २०१९ साली तर यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला होता. यांतल्या बहुतेक जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतविणारा एक थर असतो. त्यामुळे विजेरीचा झोत पडताच त्यांचे डोळे चकाकतात आणि माणूस दुरूनच सावध होतो. येथे लांब फेकीचा झोत उपयोगी पडतो यात शंका नाही. पण सर्पाच्या डोळ्यात असा थर नाही. तो चकाकत नाही. तो दिसावयाचा तर त्याच्या अंगावर, म्हणजे जमिनीवर, प्रकाश पडावा लागतो.

नवा दिवा आणि नवे घट

१९९३ साली जपानमध्ये शूजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी दिवा सिद्ध केला आणि त्यावरून थोड्याच वर्षांत पांढरा दिवा निघाला. या संशोधनाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेवढ्याच विजेत जुन्या बल्बाच्या दहापट आणि त्याहूनही अधिक प्रकाश मिळू लागला. तार तुटण्याचे भयही गेले. पण या दिव्याला सुमारे तीन व्होल्टांचा दाब लागतो. दोन जुने सेल किंचित उतरले की तो मंद होतो. म्हणून विजेरीने घट बदलला आणि घटाबरोबर देहही.

प्रथम आली ती भिंतीच्या विजेवर भरावयाची, चार व्होल्टांच्या शिशाच्या घटाची विजेरी. तिने खेड्यांत मोठी क्रांती केली. सेल विकत घेणे संपले. पण तिचे दोन दोष लवकरच कळले. शिशाचा घट रिकामा होऊन पडून राहिला की त्याच्या पत्र्यांवर न विरघळणारा थर जमतो आणि तो मरतो. रब्बी संपल्यावर कोनाड्यात ठेवलेली विजेरी पुढच्या हंगामात उठत नाही ती यामुळे. दुसरा दोष जिवावरचा आहे. स्वस्त विजेरीत भिंतीच्या विजेपासून आतल्या भागांना वेगळे करणारी सोयच नसते. ती भरत असताना तिच्या उघड्या धातूला हात लागला तर जबर धक्का बसू शकतो.

त्यानंतर लिथियमचा घट आला. १९९१ साली सोनी कंपनीने तो प्रथम बाजारात आणिला. आज विजेरीत जो दंडगोल लिथियम घट सर्रास दिसतो तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. जुन्या मोठ्या सेलाशी ताडून पाहा. लांबी जवळजवळ तीच, जाडी निम्मी. दाब मात्र ३.७ व्होल्ट. एकच घट एका दिव्याला पुरतो. त्यामुळे नळी बोटाएवढी झाली आणि कपाळावर पट्ट्याने बांधण्याची विजेरी सोयीची झाली. फावडे मारणाऱ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे झाले आणि मान खाली घातली की प्रकाशही पायाशी येऊ लागला. सव्वाशे वर्षांत प्रथमच विजेरीचा देह शेतकऱ्याच्या कामाला जुळला, आणि तोही घटाने परवानगी दिली तेव्हा.

निवड

आता विजेरी कोणती घ्यावी? बाजारात दुकानदार ती समोरच्या भिंतीवर किंवा दूरच्या झाडावर मारून दाखवितो. जिची फेक लांब ती चांगली असे गिऱ्हाईक समजते आणि तीच उचलते. आमचे म्हणणे असे की, विजेरी घेताना तिचा झोत आपल्या पायाशी पाडून पाहावा. पायाभोवतीची जमीन मऊ, पसरट उजेडात दिसते की मध्येच एक डोळे दिपविणारे टिपके आणि भोवती काळोख, हे पाहावे. ओलितासाठी कपाळावरची पसरट उजेडाची विजेरी असावी. राखणीसाठी लांब फेकीची वेगळी ठेवावी. मात्र कोणतीही विजेरी पायातल्या बुटांची आणि हातातल्या काठीची जागा घेत नाही.

घटाविषयी नियम साधे आहेत. जेथे वीज बेभरवशाची तेथे बदलण्याच्या सेलची एक विजेरी घरात असू द्यावी, कारण भरावयाच्या घटाला वीजच लागते आणि अंधारही बहुधा वीज गेल्यावरच पडतो. शिशाचा घट वापरात नसला तरी महिन्यातून एकदा भरावा. लिथियमचा घट वैशाखाच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत टाकून ठेवू नये, त्याच्याच भारकाने भरावा आणि फुगला तर लगेच बाजूला करावा. त्याच्या अंगावर छापलेल्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. या मापाच्या चांगल्या घटाची धारणा सुमारे साडेतीन हजार मिलिॲम्पिअर-तास असते; नऊ-दहा हजारांचा आकडा छापलेला दिसला तर तो खोटा समजावा.

आणि संपलेल्या घटाचे काय? फळा काळा करणारी मुले आता नाहीत. संपलेला सेल उकिरड्यात जातो, उकिरडा खत होऊन शेतात जातो. आतले धातू आपण आपल्याच हाताने काळ्या मातीत पेरतो. २०२२ च्या ऑगस्टात केंद्र शासनाने बॅटरी-कचऱ्याविषयी नियम केले आणि वापरलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी ते बनविणाऱ्यांवर टाकली. तालुक्याच्या गावापलीकडे हा नियम पोहोचावयाचा तर ग्रामपंचायतीने आणि शाळेने एक डबा ठेवून आरंभ करावा. याला अनुदान लागत नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. उत्तम विजेरी हे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर म्हणजे दिवसा वीज. २०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली. सूर्यापासून वीज करून ती दिवसाच पंपांना द्यावयाची, हा तिचा हेतू. सूर्याची वीज दिवसाच होते, म्हणजे ती रात्रीकडे लोटण्याचा मोहच उरत नाही. बैलाच्या थकव्याने शेतकऱ्याला जी रात्रीची झोप मिळत होती, ती सूर्याच्या मावळण्याने पुन्हा मिळू शकेल. ही योजना आपल्या गावापर्यंत किती आली, हे विचारण्याचा प्रत्येक शेतकऱ्याला अधिकार आहे आणि त्याने तो बजावावा.

विजेरी ज्या घरात आहे त्या घरात ती राहीलच. रात्री आजारी पडलेल्या माणसाला, व्यालेल्या गाईला, पाऊसपाण्यात वाट चुकलेल्या पाहुण्याला तिची गरज लागणारच. पण पोटासाठी, केवळ वीज रात्री येते म्हणून, मध्यरात्रीच्या चिखलात उभे राहण्यासाठी ती लागू नये. या जिल्ह्यात ती खुंटीला किती रात्री टांगलेली राहते, यावरून आपल्या प्रगतीचे माप घ्यावे अशी आमची सूचना आहे. एवढे सांगून आम्ही हे विवेचन पुरे करितो.